हातावरचे जीव

"बाई, मी न्हाय हात धुणार," चंदना म्हणाली. "ती मरत्यात."

डब्याच्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती. व्हरांड्यात तोटीचं पत्र्याचं पिंप, खाली बादली, कठड्यावर साबणाची वडी आणि पहिलीच्या वर्गातली माझी सगळी पोरं रांगेत. नियम माझा होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. धुतलेले हात मला उताणे आणि पालथे करून दाखवायचे, मग जायचं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि ही सहा वर्षांची पोर परकराच्या मागं दोन्ही मुठी लपवून, मान वर करून माझ्याकडं बघत हे बोलली. "कोण मरतात?" मी विचारलं. "हंबीररावाची पोरं," ती म्हणाली. रांग खो खो हसली. मीही हसून सोडून द्यायला हवं होतं, पण मला राग आला. सकाळपासून घसा फोडून शिकवत होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि तोटीखालची बादली भरत आली होती. मी तिचं मनगट धरलं आणि तोटीपर्यंत ओढलं. तिनं मूठ आवळली. सहा वर्षांच्या पोरीची मूठ ती, उघडायला कितीसा जोर लागणार! पण मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझाच हात सैल पडला. हट्टी पोरं मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. हट्टाला भोकाड असतं, लोळण असते, एक डोळा आपल्यावर असतो. इथं तसलं काही नव्हतं. पोर घाबरली होती, आणि स्वतःसाठी घाबरली नव्हती. "मग डबा उघडायचा नाही," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं. "बरं," ती म्हणाली आणि पायरीवर जाऊन बंद डबा मांडीवर घेऊन बसली. सुट्टी संपेपर्यंत तशीच बसली. मीही त्या दिवशी माझी भाकरी तशीच घरी परत नेली.

हंबीरराव कोण ते सांगते. हंबीरराव म्हणजे जंतू. संस्थान विलीन होऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि मुंबई सरकारच्या आरोग्य खात्याचा एक माणूस शाळाशाळांतून फिरत असे. खाकी विजार, बगलेत गुंडाळलेला तक्ता. आमच्या वर्गापुढं उभं राहून तो म्हणाला, "रोगजंतू हे अतिसूक्ष्म असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत." मागच्या ओळीतला सयाजी तेवढ्यात झोपला. तो माणूस गेला आणि मी ठरवलं, हे असं नाही शिकवायचं. मी एका पोराचे हात खडूच्या भुकटीत बुडवले आणि म्हटलं, जा, सगळ्यांशी हात मिळवून ये. मग ज्याच्या त्याच्या हाताला, नाकाला, पाटीला, डब्याच्या झाकणाला पांढरं. पोरं नाचायला लागली. मग मी फळ्यावर एक गोल काढला, त्याला डोळे काढले, तोंड काढलं, पोट काढलं, आणि म्हटलं, हा आपल्या हातावर राहतो, ह्याला भूक लागते, हा आपल्याबरोबर जेवतो, ह्याची बायको आहे आणि ह्याला रोज उठून पोरं होतात. "बाई, ह्येचं नाव काय?" सयाजीनं विचारलं. कोपऱ्यावरच्या चौकीत हंबीरराव नावाचा एक ढेरपोट्या पोलीस होता, सगळी पोरं त्याला भिऊन असायची. वर्गानंच ठरवलं, ह्याचं नाव हंबीरराव. मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून पिंपापाशी झुंबड. "माझं शंभर मेलं!" "माझं हजार!" "बाई, हंबीररावाची बायकू मेली की!" मुख्याध्यापिका कालिंदीबाई व्हरांड्यात येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "राजमतीबाई, तुमच्या वर्गाचे हात म्हणजे आरसे हो." मी फुगले होते. का फुगू नये? खात्याच्या माणसाला जमलं नाही ते मी एका खडूनं केलं होतं. माझ्या वर्गात काहीच निर्जीव राहत नाही, बेरजेचे आकडेसुद्धा एकमेकांच्या घरी जेवायला जातात. ती माझी हातोटी. आणि तेवढ्या वर्गात एकच पोर अशी निघाली, की तिनं मी सांगितलेलं सगळंच्या सगळं खरं धरलं.

भाद्रपद चालू होता. आमच्या जैनांचं पर्व. शुक्रवार पेठेतल्या बस्तीत, आमच्या देवळाला आम्ही बस्ती म्हणतो, रोज शास्त्रवाचन व्हायचं. पाण्यात जीव आहे, मातीत जीव आहे, दिव्यात जीव आहे, त्यांनाही दुखतं. चंदनाच्या घरची सगळी माणसं पुढं बसायची. मीही मागं बसलेली असायची, कारण मीही त्यातलीच. ते ऐकत मी जांभया देत होते, खोटं कशाला बोलू? जन्मापासून ऐकलेलं. पहाटे उठून घागरीच्या तोंडाला फडकं बांधायचं, पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, हे मी न चुकता करते आणि करताना माझं डोकं दुसरीकडंच असतं. नंतर साडी बदलायची, शाळेत जायचं आणि पोरांना सांगायचं, चोळा साबण, मरू देत. एवढ्या वर्षांत ही दोन कामं माझ्या मनात एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. एकाच घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारखी ती राहत होती. आता एका पोरीनं मधलं दार उघडलं होतं आणि ते मला लावून घेता येईना. वर्गात शिकवता शिकवता माझं लक्ष माझ्याच हातांकडं जायचं. खडू झाडताना, चष्मा पुसताना. हसू यायचं आणि कसंनुसंही व्हायचं.

घरी आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. माझं लग्न जमलं नाही, आणि पुढं ते जमवायचं कुणी मनावर घेतलं नाही. वडलांना, तवनाप्पांना, आम्ही अण्णा म्हणतो. जयसिंगपूरचं दुकान भावांच्या हवाली करून ते माझ्याकडं येऊन राहिले होते. त्या संध्याकाळी उजेडात जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "अण्णा, जंतू म्हणजे जीवच ना?" "मग काय दगड हाय?" अण्णा म्हणाले. "मग हात धुवावेत की नाही?" "तू धुतीस की." "म्हणजे मी मारते." अण्णांनी घास गिळला. घास तोंडात असताना ते बोलत नसत. "हे बघ, गृहस्थाला समदं टळत न्हाय. चालताना मरत्यात, चूल पेटिवताना मरत्यात. आपण सांभाळून वागायचं. मजा म्हणून कुणाला मारायचं न्हाय, एवढंच." मला बरं वाटलं. हेच उद्या चंदनाला सांगावं, असं मनात जुळवायला लागले, तोवर अण्णा ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "पर तू तर पोरांस्नी मजा म्हणूनच शिकीवलंस न्हवं?" त्यांना टोचायचं नव्हतं, ते आपलं सरळ बोलले. पण सयाजीचं "माझं शंभर मेलं" माझ्या कानात वाजायला लागलं, आणि मला माझ्या त्या झकास धड्याची पहिल्यांदा लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. अरे, हगवणीनं पोरं जातात दर पावसाळ्यात! धुतलेल्या हातानं एक जरी वाचलं तरी माझा धडा बरोबरच होता. हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, आणि उपयोग काहीच नव्हता, कारण उद्या पुन्हा ती पिंपापाशी मुठी लपवून उभी राहणार होती.

तशी ती राहिलीच. मी वाटाघाटी करून पाहिल्या. म्हटलं, गृहस्थाला चालतं. "मग मी माताजी हुते," ती म्हणाली. दीक्षा घेतलेल्या साध्वींना आमच्यात माताजी म्हणतात, त्यांनी चार रोजांमागंच तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. म्हटलं, बरं, चमच्यानं खा. मी घरून चमचा नेला. तिनं चमच्यानं आमटी खाल्ली, आणि चपाती चमच्यानं तोडता येईना तेव्हा हळूच हातानं तोडली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. नियम मोडला होता आणि तो मीच मोडला होता. कालिंदीबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "अहो, सांगून टाका ना तिला, हातावर काही नसतं म्हणून! सहा वर्षांची मुलगी. चार दिवसांत विसरेल." "खोटं कसं सांगू?" "आणि हंबीरराव कोण, खरा होता का?" त्या मिस्किल हसल्या. कालिंदीबाईंचं चुकत नव्हतं. हंबीररावाला बायको आहे हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? पण ते खोटं आणि हे खोटं माझ्या मनात एक होईना. पहिलं खोटं मी तिला खऱ्यापाशी न्यायला सांगितलं होतं. आता जे सांगायचं, ते तिला तिथून हाकलायला. आणि दुसरं म्हणजे, मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या पोरीचा मला हेवा वाटत होता. आपण जे रोज पाठ म्हणतो ते तिला दिसत होतं. तिला दिसणारं ते घालवायचं काम माझ्या हातून व्हावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी काहीच केलं नाही. शिकवणारी माणसं असं पुष्कळदा करतात, पोर आपोआप शहाणी होईल म्हणून वाट बघत बसतात.

मग ती शाळेत येईनाशी झाली. पहिल्यांदा वाटलं, पर्वाचा उपवास असेल घरात, ठेवून घेतली असेल. मग वाटलं, माझा कंटाळा आला असेल, आणि मला चक्क सुटल्यासारखं झालं. एक दिवस दुपारच्या वर्गात मी फळ्यावर वजाबाकी लिहीत होते, तर पोरं एकदम गप्प झाली. दारात तात्यासाहेब उभे. चंदनाचे आजोबा, गुळाचे मोठे अडते. बस्तीत त्यांना पहिल्या ओळीत बघायची सवय, कोषा फेटा, उपरणं, मागं दोन माणसं. आज डोकं बोडकं होतं. असा माणूस फेट्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी खडू खाली ठेवला.

"राजमतीबाई तुमीच न्हवं?"

"हो. या, बसा."

"बसाया न्हाय आलो. पोरगी तापानं फणफणतीया. डाक्टर म्हणतोय टायफाईड. नवं औषध निघालंय म्हणं त्येच्यावर, ते बी आणलं. घेईल तर शप्पत!" त्यांचा आवाज अख्ख्या शाळेला ऐकू जात होता. "त्यो डाक्टर तिच्या म्होरंच बोलला, ह्या औषधानं पोटातलं समदं जंतू मरत्यात म्हणून. झालं! तवापास्नं दात आवळलेत ते आवळलेत."

"लहान आहे, धरून द्यायचं—"

"दिलं की! चौघांनी धरली. ओकून टाकलं. गुळात दिलं, केळ्यात दिलं. मध आमच्यात चालत न्हाय, तुमाला ठावं हाय. जिभंला कडू लागलं की थुकतीया आन् रडतीया, माझ्यासाठनं त्येंला मारू नका म्हणतीया." ते थांबले. मोठ्या आवाजाचा माणूस थांबला की बघवत नाही. "बाई, तुमी आमच्यातल्याच न्हवं? मग तुमास्नी कळाया नगं, कुणाला काय शिकवावं?"

मला उत्तर होतं. मी शिकवलं ते बरोबर होतं, बस्तीत सांगतात तेही तिथल्यापुरतं बरोबर होतं, आणि ही दोन्ही एका डोक्यात घालताना मला कुणी विचारलं नव्हतं. पण हे बोडक्या डोक्यानं आलेल्या माणसाला सांगायचं नसतं. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" "पोटात औषध टिकलं तर पोर टिकंल म्हणाला." ते जरा हळू बोलले. "चला. सांगा तिला, जंतू-बिंतू काय नसत्यात. आमी लई सांगिटलं. दिसभर एकच, बाई म्हणत्यात हायत, बाई म्हणत्यात हायत. आता बाईनंच सांगावं." वर्ग कालिंदीबाईंवर टाकून मी निघाले. सयाजीनं विचारलं, "बाई, चंदी मरणार काय?" मी त्याला गप म्हटलं.

महाद्वार रोडनं ते पुढं आणि मी चार पावलं मागं. त्यांच्या चालण्याला मला पुरं पडता येईना. एका दुकानातून कुणी हाक मारली, "तात्यासाब, बोडकं कसं काय निघालासा?" त्यांनी नुसता हात हलवला. मी चालत होते आणि मनात वाक्य घोकत होते. चंदना, जंतू नसतात. चंदना, बाईंनी गंमत केली होती. चंदना, हंबीरराव म्हणजे आपला चौकीतला पोलीस, दुसरा कुणी नाही. सोपं होतं. गंगावेशीत धारा काढायला म्हशी येऊन उभ्या होत्या, लोक पेले घेऊन तिष्ठत होते. गवळ्यानं कासेला हात लावायच्या आधी तो धोतराला पुसला, आणि माझ्या मनानं सवयीनं नोंद घेतली, हा हात धुतलेला नाही. टायफॉईड कशातून येतो? ह्या हातातून, त्या पेल्यातून, नळातून, आडातून, बस्तीबाहेरच्या भेळेतून, की चमच्यानं न तुटलेल्या चपातीतून? कोण सांगणार? डॉक्टरही सांगू शकणार नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढून ती चपाती हलेना. मी तेव्हा का नाही ओरडले? ओरडायचं तिथं मला हेवा सुचला होता.

आणि चालता चालता मला पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज आठवलं. शास्त्राच्या गुरुजींनी एके दिवशी सूक्ष्मदर्शक यंत्र आणलं होतं. काचेवर आडाच्या पाण्याचा एक थेंब. मुली एकेक करून डोळा लावत होत्या आणि ई करून मागं सरत होत्या. माझी पाळी आली. बघते तो काय, उजेडाच्या वर्तुळात नुसती लगबग! कुणी सरळ चाललंय, कुणी गिरकी घेतंय, कुणी दुसऱ्याला धडकतंय. बाकीच्या मुलींना आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. माझी आई, अव्वा, पाणी गाळताना रोज म्हणायची, "सावकाश वत गं, त्यात जीव हायत," आणि भाऊ तिला हसायचे, मीही हसायची. अव्वा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी यंत्रावर वाकून मोठ्यानं म्हणाले, "अव्वा, हायत की गं!" सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, चांगला माणूस, पण त्यांना तास संपवायचा होता. त्यांनी कसल्याशा औषधाचा थेंब काचेवर सोडला आणि म्हणाले, "आता बघा." लगबग थांबली. एक जरा वेळ वळवळला, मग तोही थांबला. "मेले," गुरुजी म्हणाले, "ह्याला म्हणतात निर्जंतुक करणं." मुलींनी वह्यांत लिहून घेतलं. मला वाईट वाटलं. आत्ताच अव्वा भेटली होती. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मीही लिहून घेतलं आणि परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले. तात्यासाहेबांच्या दारात पोचेपर्यंत मला इतकंच कळलं होतं, की मी आता ह्या पोरीला जे सांगायला आले आहे, ते मला त्या यंत्रापाशी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

माजघरात खाटेवर ती होती. एवढ्याशा दिवसांत पोर किती उतरली! ओठ फुटलेले, डोळे मोठे झालेले, केसांना तेलाचा थेंब नाही. उशापाशी तिची आई वाटी घेऊन बसली होती, तिच्या पदरावर औषधाचे पिवळट डाग. मला बघून ती उठली नाही, म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडते, सांगा तिला." तात्यासाहेब उंबऱ्यात उभे राहिले. मागं दोन बायका, चुलत्या असाव्यात. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. चंदनानं मान वळवली. "बाई, शाळंत काय शिकीवलं?" तिनं विचारलं. आवाज कसा, कोरड्या पानावर पाय पडावा तसा. "वजाबाकी," मी म्हणाले. "हातच्याची?" "नाही, साधीच. हातच्याची तू आल्यावर." ती जरा हसली. मी खाटेच्या कडेला बसले, तिच्या आईच्या हातातली वाटी घेतली आणि चमचा ढवळला. वाक्य अगदी जिभेवर होतं. चंदना, जंतू नसतात. तेवढ्यात तिनंच विचारलं, "बाई, ह्येनं ती मरत्यात न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "मरतात."

"बाई!" तात्यासाहेब उंबऱ्यातून ओरडले.

मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मोडले असते. ती इतक्या सरळ बघत होती की तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही, बस. त्यात शौर्य नव्हतं.

"समदी?" तिनं विचारलं.

"सगळी."

"त्येंची पोरं बी?"

"पोरं बी."

तिचे डोळे भरले. तिची आई हुंदका देऊन भिंतीकडं वळली. कुणीतरी मागून म्हणालं, कशाला आणली ह्या बयेला.

"आन् न्हाय घेतलं तर?"

"तर तू मरशील, चंदना."

त्या घरात हा शब्द तोवर कुणी काढला नव्हता. सगळे तो गिळून, वाटीभोवती, केळ्याभोवती, गुळाभोवती फिरत होते. आता तो खाटेवर पडला आणि कुणाला उचलता येईना. ती मात्र रडायची थांबली. विचार करायला लागली. वर्गात गणित घातलं की ती अशीच छताकडं बघायची.

"मग पाप लागंल," ती म्हणाली.

"लागेल."

"कुणाला?"

"मला," मी म्हणाले. "हंबीरराव तुला मी दाखवला, औषध पण मीच देते आहे. तुला काही लागणार नाही. सगळं पाप मला."

आमच्यात असं होत नाही. ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं, आई लेकराचं घेऊ शकत नाही की गुरू शिष्याचं. देवसुद्धा घेत नाही. त्या माजघरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि उंबऱ्यातल्या माणसानं तर जन्मभर शास्त्र वाचलं होतं. सगळं खरं सांगून शेवटी मी खोटं बोललेच. पण हेच एक खोटं असं होतं, की ते खरं व्हावं म्हणून माझा जीव तुटत होता. लागू दे मला, सगळं लागू दे, पण ही पोर उठू दे, एवढंच माझ्या मनात होतं. मी वाट बघितली, आता तात्यासाहेब बोलतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि मान खाली घातली.

चंदना माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली. चमचा धरून माझा हात अवघडला.

"समदं नगं," ती म्हणाली. "निम्मं माझं."

आणि तिनं आ केला.